सहा म्हणजे सहा

चि. पोरा,

अनेक आशीर्वाद.

तुझा तो पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा चहा पिताना, दुसऱ्यांदा रागात. "सर, आपल्या संस्थेचा रेडिओ रोज लावण्यापेक्षा शनिवार-रविवार दोनच दिवस लावू, पण दर्जेदार लावू. बाकीचे दिवस पोरांना एडिटिंगला मिळतील." हे तू इतक्या समंजस आवाजात बोललास की फोन करायचा टाळला. फोनवर मी ओरडलो असतो, आणि तू 'हो सर, हो सर' म्हणून तेच केलं असतंस. म्हणून लिहितोय.

दर्जेदार! या एका शब्दापायी आपल्या भागात किती नाट्यमंडळं, किती हस्तलिखितं बसली ते मी मोजलेलं नाही, पण दोन-तीन तर माझ्याच हातची आहेत. पुढचा अंक दर्जेदार काढू म्हणून थांबलो, तो पुढचा अंक निघालाच नाही.

रेडिओ म्हणजे दुधाचा रतीब आहे. दूधवाला म्हणाला, रोज घालण्यापेक्षा शनिवार-रविवारी आटीव दूध आणून देतो, तर तू त्याला भांडं पुढं करशील का? लेकराला सोमवारी काय पाजायचं? दूध थोडं पातळ असलं तरी घरची बाई कुरकुर करत घेते. खाडा झाला की दुसरा गवळी बघते. रोज घाल. ठरल्या वेळेला घाल. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता तेच चार पानं सांगणार आहे, कारण तुझ्या डोक्यात ते एकदा सांगून जाणार नाही. माझ्या गेलं नव्हतं.

आमच्या रेडिओ स्टेशनच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. आम्ही सुरू होऊन वर्ष झालं नसेल. एका संध्याकाळी ज्याच्याकडं किल्ली होती तो पोरगा लग्नाला गेला आणि किल्ली खिशात घेऊन गेला. कुलूप तोडून बटन दाबेपर्यंत सहा वीस झाले. मनाला म्हटलं, वीस मिनिटांनी काय बिघडतं, ऐकतंय कोण. दुसऱ्या दिवशी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेलो. पट्टा चालू होता, मालकाच्या भुवयांवर पीठ. त्यानं पट्टा उतरवला, हात झटकले आणि म्हणाला, "सर, काल सहाला तुमचा रेडू लागला न्हाई. म्या म्हन्लं आपलंच घड्याळ पुढं पळू लालंय. काटा वीस मिन्टं मागं सारला. सकाळी पोरीची गाडी हुकली."

तो चिडला नव्हता. डब्यावर खडूनं माझं नाव लिहीत सहज सांगत होता. मी मात्र डबा तिथंच ठेवून घरी आलो. भिंतीवरचं घड्याळ खोटं आणि आपला रेडिओ खरा, असं धरून चालणारा एक माणूस गावात होता, आणि त्याच्या पोरीची एसटी आमच्यामुळं चुकली होती. तू विचारतोस, किती लोक ऐकतात ते मोजायचं कसं? आपल्याएवढ्या स्टेशनचे श्रोते मोजायला कुणी येत नाही. आम्हाला ते त्या वीस मिनिटांमुळं कळलं. (तू मात्र मुद्दाम उशिरा लावून बघू नकोस. तुझ्या डोक्यात ते येईल, मला माहीत आहे.)

मला वाटतं ही सवय घरातून आली असावी. सकाळी सात-पाचच्या पुणे केंद्राच्या बातम्या संपल्या की वडील धोतराचा सोगा खोचून शेताकडं निघायचे. बातम्या काय होत्या ते त्यांना विचारलं तर निम्म्या वेळा सांगता यायचं नाही.

दुसरं. तुला मिळालेली फ्रिक्वेन्सी तुझ्या संस्थेच्या तीर्थरूपांची नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी लिहिलेला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढं 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओचं, म्हणजे आपल्या भागातल्या लोकांसाठी चालवायच्या छोट्या रेडिओचं, दार उघडलं आणि आपल्यासारख्या संस्थांना आत यायला 2006 उजाडलं. निकालानंतर 11 वर्षं. त्यानंतर तुझे ते दिल्लीचे हेलपाटे, फाइली, त्रुटी, पुन्हा फाइली. एवढं करून मिळालेला आड, आणि तू त्याला आठवड्यातले पाच दिवस कुलूप लावणार? तुझ्या आकड्यावर तुझ्या भागात दुसरं कुणी काही लावू शकत नाही. तू गप्प बसलास की तेवढी जागा नुसती खरखरते. नियमात तर लिहिलेलंच आहे की प्रसारण तीन महिन्यांहून जास्त बंद राहिलं तर परवानगी रद्द होऊ शकते. सरकार तीन महिने थांबतं. गिरणीवाला तीन दिवस थांबणार नाही.

तुला एकदा तेलंगणातल्या माचनूरला जा म्हटलं होतं, गेला नाहीस. उदगीरहून बिदर, बिदरहून झहीराबाद, एवढंच तर आहे. तिथलं संघम रेडिओ 2008 पासून दलित बायका चालवतात. मी गेलो तेव्हा आपल्याला तेलुगूचा गंध नाही, नुसता बसून बघत होतो. दिवसभर शेतात राबलेल्या त्या बायांचं प्रसारण संध्याकाळी, दोन तास. मी ऐकलेल्या कार्यक्रमात मागं कोंबडी ओरडत होती. आपल्या पोरांनी ती कोंबडी काढायला तीन दिवस घेतले असते. त्या बाईंनी वेळ झाली तसं लावून टाकलं.

आता पाण्याचं घे. आपल्या गावांत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. 'उद्या कोणत्या गल्लीला' ही पालिकेची सूचना आम्ही सहा वाजून पाच मिनिटांनी वाचतो. बातम्या द्यायला आपल्याला बंदी आहे, आकाशवाणीच्या जशाच्या तशा घेता येतात तेवढ्याच. पण पाणी, वीज, रोगराई, आपत्ती यांच्या प्रशासनाकडून आलेल्या सूचना वाचता येतात, आणि त्या अर्ध्या मिनिटाइतकं आमचं दुसरं काहीच ऐकलं जात नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दिवसांत आम्ही टँकरच्या पाळ्या वाचायचो. कार्यक्रम म्हणून भिकार. एक पोरगी अडखळत प्रभाग वाचायची. पण सहा-पाचला रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. हे शनिवार-रविवारी कसं करणार आहेस? नळाला सांगणार आहेस का, शनिवारपर्यंत थांब म्हणून?

जाहिरातींचं तू विचारलंस म्हणून सांगतो. 2024 पासून तासाला 12 मिनिटं जाहिरात करता येते. चांगली गोष्ट आहे. पण मोंढ्यातला आडत्या पहिला प्रश्न काय विचारतो? "कधी लागंल?" त्याला तू काय सांगणार? एडिटिंग झालं की?

आता पोरांबद्दल. फुकट काम करणाऱ्याला वेळेबद्दल बोलायचं कसं, असं तू म्हणतोस. इथं मला सांभाळून लिहावं लागेल, कारण गावात माझं नाव याच बाबतीत खराब आहे. 'सरांनी पोरं पळवून लावली.' लावली. उशिरा येणाऱ्याला मी माईकवर बसू दिलं नाही. पगारी माणूस पगारासाठी येतो, बिनपगारी फक्त सवयीनं येतो. सवय मोडली की तो रागावत नाही, भांडत नाही, नुसता यायचा थांबतो. म्हणून मी कडक होतो. यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

एक सोडून. शेजारच्या खेड्यातून एक मुलगी यायची. आजीकडून जात्यावरच्या ओव्या घेऊन यायची, स्वतः म्हणायची, आणि मधेच थांबून एखादा शब्द समजावून सांगायची. तसा गळा आमच्याकडं नंतर आला नाही. ती एकाच आठवड्यात तीनदा दहा-बारा मिनिटं उशिरा आली. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं, सहा म्हणजे सहा, जमत नसेल तर राहू दे. ती काही बोलली नाही, वही पिशवीत घातली आणि गेली. पुढं पाच-सहा महिन्यांनी मला त्याच खेड्याला जायचं काम निघालं. स्टँडवर तिच्या गाडीची वाट बघत बसलो. फलकावर पाच-दहा. गाडी लागली साडेपाचला. कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, रोजचंच आहे.

नियम बरोबर होता. सहा ही वेळ मी ठरवली होती, माझ्या शाळेच्या सुटीनुसार, आणि तिला विचारलं नव्हतं. साडेसहा ठेवली असती तर गिरणीवाल्यानं साडेसहाला घड्याळ लावलं असतं, त्याचं काय जात होतं? मी तिच्या घरी जाऊन आलो. ती सासरी गेली होती.

आणि किल्लीचं. मुलीच्या साखरपुड्यात मी पावणेसहाला पंगतीतून उठलो, ते व्याही अजून ऐकवतात. तू म्हणशील, बघा, निष्ठा. निष्ठा कसली, तो पोरगा किल्ली घेऊन लग्नाला गेला त्या भानगडीनंतर किल्ली मी माझ्याच कंबरेला बांधली होती आणि ट्रान्समीटर लावायचा क्रम कुणालाच शिकवला नव्हता. आपल्यावाचून अडलं पाहिजे, अशी आतून कुठंतरी इच्छा असते. ती तुलाही असणार, मेसेजमध्ये 'मी', 'मी' फार होतं.

तर करायचं काय? तीन तास झेपत नाहीत तर एक तास कर. पण रोज. निम्मा मजकूर आपल्या लोकांचा हवा हा नियम आहे, एका तासाला अर्धा तास म्हणजे काही डोंगर नाही. गोगलगायीनं सोयाबीन खाल्लेला शेतकरी दहा मिनिटं सहज बोलतो, फक्त त्याला 'प्रास्ताविक करा' म्हणू नकोस. अडीनडीसाठी दहा-बारा तासांचं ध्वनिमुद्रण बाजूला काढून ठेव, जे येळवशीलाही चालेल आणि पंचमीलाही. किल्ल्या दोन, एक शेजारच्या टपरीवर. खोलीत आवाज घुमतो म्हणून अंड्यांचे ट्रे चिकटवू नकोस, त्यानं फारसं काही होत नाही. आईच्या दोन जुन्या वाकळा भिंतीला टांग. डोंगरापलीकडच्या वाडीत खरखर येते, ती वॅट वाढवून जाणार नाही. 100 च्या वर जायला वेगळी मंजुरी लागते, तीही 250 पर्यंतच, आणि एफएम बहुतेक नजर पोचते तिथवरच पोचतं. अँटेना 30 मीटरपर्यंत नेता येते, तिकडं बघ. पाऊस झाला की केबलच्या जोडात पाणी शिरलंय का ते आधी तपास. आमचा ट्रान्समीटर दोनदा त्यानंच आपोआप बंद पडला, आणि मी दोन्ही वेळा पोरांवर ओरडलो.

येत्या सोमवारपर्यंत मला आठवड्याचं वेळापत्रक पाठव. रोज दोन नावं. नावापुढं शिक्षण, आवड वगैरे नको. कोण कुठल्या गावाहून येतं आणि कुठल्या गाडीनं, तेवढं लिही. गाडीच्या वेळा फलकावरच्या नकोत. स्टँडवर दोन दिवस बसून बघ आणि मग सुरुवातीची वेळ ठरव.

तुझा,
सर