वाचक विचारतात: ब्लॅकपूलजवळचा शेल गॅस, भूकंप आणि आपलं कोकण

प्रश्न: सर, माझी मुलगी-जावई इंग्लंडमध्ये प्रेस्टनजवळ घर बघतायत. कोणीतरी सांगितलं की तिथे जमिनीतून गॅस काढताना भूकंप झाले होते, जरा विचार करून घ्या. खरंय का हे, की उगाच घाबरवतात? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: खरंय ताई, त्याच्या रीतसर नोंदी आहेत. प्रेस्टनपासून ब्लॅकपूलच्या समुद्रापर्यंतच्या सपाट पट्ट्याला फाइल्ड म्हणतात, वर सगळी शेतं आणि गाई, आणि खाली दोनेक किलोमीटरवर बोलंड शेल नावाचा खडक. शेल म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ दबून झालेला खडक, त्यात गॅस असतो पण अडकलेला, नुसतं भोक पाडून तो वर येत नाही. मग प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत सोडून खडकाला बारीक भेगा पाडतात, वाळू त्या भेगा मिटू देत नाही आणि गॅस सुटतो. हेच फ्रॅकिंग.

2011 मध्ये क्वाड्रिला कंपनीने प्रीस हॉल इथे हे केलं आणि 1 एप्रिलला रिश्टर मापावर 2.3 चा धक्का बसला, 27 मेला परत 1.5 चा, आणि विहिरीचं केसिंगसुद्धा (आत बसवलेला पोलादी पाइप) खाली दबून वाकडं झालं. काम थांबलं, नंतर नियम आला की 0.5 किंवा त्याहून मोठा धक्का नोंदला गेला की पंपिंग 18 तास बंद. कंपनीचं म्हणणं होतं की हा नियम फारच कडक आहे, कारण 0.5 माणसाला जाणवतही नाही. पण पुढे काय झालं बघा. ऑक्टोबर 2018 मध्ये त्याच पट्ट्यात प्रेस्टन न्यू रोडला नवीन विहिरीत काम सुरू झालं, लगेच धक्के सुरू, थांबा, परत सुरू करा, परत थांबा, आणि 26 ऑगस्ट 2019 ला सकाळी 2.9 चा धक्का बसला, तोही पंपिंग बंद होऊन दोन-तीन दिवस झाल्यावर! 0.5 आणि 2.9 मध्ये ऊर्जेचा फरक साधारण चार हजार पटींचा आहे. म्हणजे पंप बंद केला की धोका संपला असं नाही, आत गेलेलं पाणी आपला दाब घेऊन पसरत राहतं, आणि जो फॉल्ट (खडकातली जुनी मोठी भेग) आधीच्या सर्व्हेत दिसलाच नाही तिथवर ते पोचलं तर फॉल्ट सरकतो. पाण्याचा दाब फॉल्टच्या दोन बाजू जरा दूर रेटतो आणि त्यांची पकड सैल होते.

2.9 म्हणजे घरं पडत नाहीत, पण धक्का उथळ असल्यामुळे चांगलाच जाणवला आणि भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारने फ्रॅकिंगवर बंदी आणली. सप्टेंबर 2022 मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी ती उठवली, पुढच्याच महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या ऋषी सुनक यांनी परत लावली. मुलीला सांगा घर जरूर बघा, फक्त सर्व्हेयरला भिंतींच्या जुन्या तड्यांबद्दल स्पष्ट विचारा.

प्रश्न: एवढा गॅस पायाखाली असताना लोकांच्या विरोधामुळे सोडून द्यायचा हे पटत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ‘एवढा’ म्हणजे किती, इथेच गोची आहे. 2013 मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने मध्य इंग्लंडच्या शेलसाठी 1,300 ट्रिलियन घनफूट असा अंदाज दिला आणि पेपरवाल्यांनी तो असा छापला की जणू टाकी भरून ठेवलीय. तो आकडा खडकात असलेल्या गॅसचा होता, हाती येणाऱ्या गॅसचा नाही, आणि हाती येतो तो त्यातला थोडासाच. 2019 मध्ये नमुने नव्या पद्धतीने तपासले तेव्हा अंदाज 140 च्या आसपास आला, मग हिशोबच बदलला ना?

आणि विरोधाचं म्हणाल तर मला तो अजिबात अडाणी वाटत नाही. लँकेशायरच्या कौन्सिलने जून 2015 मध्ये परवानगी नाकारली होती, ऑक्टोबर 2016 मध्ये लंडनच्या मंत्र्यांनी तो निर्णय फिरवला. ज्यांची घरं हलणार त्यांनी नाही म्हटलं आणि दुसऱ्याच कोणी हो म्हटलं, राग येणारच. तिथल्या आज्या वर्षानुवर्षं साइटच्या गेटवर उभ्या राहिल्या, दर बुधवारी बायका पांढरे कपडे घालून यायच्या. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

प्रश्न: आमच्या कोकणातही असं ड्रिलिंग येऊ शकतं का? कोयनेमुळे आधीच भीती वाटते. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: शेल गॅससाठी तरी नाही. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हारसाचा, त्यात गॅस तयार होईल असा गाळच नसतो. भूकंप अभ्यासायला कोयनेच्या परिसरात खोल विहिरी घेतल्या, गोठण्याची तर तीन किलोमीटरची, तेव्हा बेसॉल्ट (हाच काळा पाषाण) संपल्यावर थेट ग्रॅनाइट लागला. मुंबई हायचा गॅस उरणला येतो तो समुद्राखालच्या चुनखडीतून, त्यासाठी शेल फोडावा लागत नाही. ओएनजीसीने किनाऱ्याजवळ शेलसाठी विहीर घेतली ती 2013 मध्ये गुजरातेत जंबुसरला, खंबातच्या खोऱ्यात. तुमची कोयनेची भीती मात्र रास्त आहे, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडला जातो तो याच कारणाने, फॉल्टमध्ये पाण्याचा दाब वाढतो. पाणी वरून झिरपो की पंपाने जावो, फॉल्टला फरक पडत नाही.