पात्राचा फॉर्म भरत बसू नकोस, आधी त्याला बोलतं कर

स्क्रिव्हनर हे लिखाणाचं अ‍ॅप विकत घेऊ का विचारलंस, तर आत्ता लगेच नको. ३० दिवसांची ट्रायल असते आणि ते अ‍ॅप उघडशील तेवढेच दिवस मोजले जातात, त्यामुळे निवांत वापरून बघ. त्यातला कॉर्कबोर्ड, म्हणजे स्क्रीनवर सीनची कार्डं लावायचा फळा, मला मनापासून आवडतो, कार्ड ओढून पुढेमागे केलं की ड्राफ्टमधला सीनपण तिकडे जातो. पण १० पानी कथेला कागदाची साधी इंडेक्स कार्डं भरपूर झाली, एका कार्डावर एकच सीन.

आता पात्रांचं. आवडता रंग, रास, उंची असले ते लांबलचक फॉर्म भरून पात्र उभं राहत नाही गं, त्याला काय हवंय आणि ते काय लपवतंय एवढं आधी शोध. समज एसटीतली कंडक्टर आहे, सरिता, तिला डेपोत ऑफिसचं काम हवंय कारण गुडघे गेलेत, पण घरी तिने दुखणं सांगितलेलंच नाही. आता तिला सुट्या पैशांवरून एका म्हातारबाबांशी वाद घालायला लाव, १० मिनिटांचा टायमर लाव आणि गुडघा हा शब्द न वापरता लिही, बघ ती सीटच्या दांड्याला कशी धरून उभी राहते ते आपोआप येईल. मग तोच सीन म्हातारबाबांच्या बाजूने लिही. हा व्यायाम रोज केलास तरी चालेल.

कादंबरी डोक्यात असेल तर स्नोफ्लेक मेथड बघ, आधी एका वाक्यात गोष्ट, मग त्याचा परिच्छेद, मग पात्रं, असं वाढवत न्यायचं. कथेला मात्र ते एक वाक्यच पुरे.