तीन काळ, तेच दोघे

प्रश्न : तैवानी दिग्दर्शक होऊ श्याओ-श्येन यांच्या ‘थ्री टाइम्स’ या तीन प्रेमकथांच्या चित्रपटातल्या १९११च्या कथेत पात्रांचे ओठ हलतात, पण संवाद ऐकू येत नाहीत. माझी प्रत बिघडलीय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रत ठणठणीत आहे हो! ती गोष्ट मुद्दाम मूकपटासारखी केलीय, बोलणं पाट्यांवर वाचायचं. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात. कोठीवर येणारे हे महाशय देशाच्या स्वातंत्र्याच्या ध्यासाने भारलेले. दुसऱ्या मुलीच्या सुटकेला पैसेही देतात, पण तिथल्या नायिकेने स्वतःचं विचारलं की तोंडाला कुलूप! मला भारी राग येतो त्यांचा. तिन्ही गोष्टींत शू ची आणि चांग चेन हेच दोघे कलाकार आहेत. १९६६ची गोष्ट पुन्हा बघा. सुट्टीवरचा सैनिक बिलियर्ड्सच्या अड्ड्यावरच्या मुलीला गावोगाव शोधतो. २००५ची तैपेईतली मला कोरडीच वाटली.