जागेचं भाडं किती वाढवता येतं?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या घरात) राहते, घर स्वतःचं पण खालची जागा भाड्याची. मालक भाडं मनाला येईल तसं वाढवेल का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काकू, काळजी रास्तच आहे, कारण ते घर उचलून दुसरीकडे न्यायचं म्हणजे प्रचंड खर्च, आणि मालकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर माणूस अडकतो. पण तिथे मे २०२५ पासून नवा कायदा लागू झालाय, अशा जागेचं भाडं १२ महिन्यांत ५ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही (काही अपवाद आहेत), आणि जागा भाड्याने घेतल्यावर पहिल्या वर्षी तर अजिबातच नाही. शेजारच्या ओरेगनमध्येही ३० हून जास्त जागांच्या पार्कला (म्हणजे अशा घरांच्या वसाहतीला) ६ टक्क्यांची मर्यादा घातलीय. वाढ लेखी नोटिशीनेच होते, नुसतं तोंडी सांगितलं तर तिने लगेच जास्त पैसे भरू नयेत.