स्क्रीन काळी होते आणि परत येते, कार्ड गेलं का?

प्रश्न : अमळनेरला माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइनचं दुकान आहे, शेजारीच जिनिंग. आखाजीपासून कामं वाढली अन् कॉम्प्युटरने त्रास द्यायला सुरुवात केली. मोठ्या बॅनरची फाईल उघडली की स्क्रीन काळी होते, परत येते, डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता असा मेसेज येतो. विंडोज नवीन टाकून झालं, रिपेअरवाला म्हणतो ग्राफिक्स कार्ड गेलं. भाऊ, नवीन घेऊ का?

उत्तर : अजून पैसे काढू नका भाऊ. कार्डाने २ सेकंदात उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रिसेट करतं, ही सोय व्हिस्टापासून आहे, म्हणजे मेसेज फक्त इतकंच सांगतो की कार्ड अडकलं, का अडकलं ते नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधे सिस्टमच्या लॉगमधे ४१०१ नंबरची नोंद शोधा, तिची वेळ बघा. यूट्यूबवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमधे) जाऊन हे २ सेकंद वाढवायला सांगतात, त्याने दुखणं जात नाही, फक्त मेसेज उशिरा येतो.

तुमचं लोडवरच होतंय आणि तेही उन्हाळ्यात, म्हणून माझा पहिला संशय गरमीवर. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, पत्र्याच्या दुकानात काय होत असेल ते तुम्हालाच माहीत, त्यात जिनिंगचा कापूस उडून कार्डाच्या पंख्यात आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत गोधडीसारखा बसतो, वरून दिसतही नाही. कॅबिनेट उघडा, प्लग काढून, ब्लोअर मारा, पण पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधे जीपीयूचं, म्हणजे कार्डावरच्या चिपचं, तापमान बघत तीच फाईल उघडा. ९० च्या जवळ जात असेल तर दुसरं काही शोधूच नका, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावा आणि फरक बघा.

तापमान ठीक आहे तरी बंद पडतं? मग एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. स्वस्तातल्या एसएमपीएसवर लिहिलेले ४५० वॅट आणि खरे मिळणारे वॅट यात बराच फरक असतो हो, आणि लोड आला की व्होल्टेज पडतं. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस एक दिवस मागून लावा, कार्ड घेण्यापेक्षा स्वस्त पडेल. मोलेक्सचं (जुन्या चार पिनच्या वायरचं) कन्व्हर्टर लावून कार्डाला पॉवर दिली असेल तर ते आधी काढा.

ड्रायव्हर यानंतर. डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) आधी डाउनलोड करून ठेवा, मग नेट बंद करून सेफ मोडमधे जुना ड्रायव्हर पुसा, नाहीतर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा टाकतं.

कार्ड खरंच गेलेलं असलं तर बरेचदा रंगीत चौकोन किंवा रेघा बायोसमधेही (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दिसतात, तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालूच नसतो. असं असेल तर कार्डाची चिप तापवून दुरुस्त करणाऱ्या हीटगनवाल्याच्या नादी लागू नका, त्याने थोडे दिवस चालतं अन् परत तेच.

प्रश्न : धुळ्याहून. कार्ड काढून बघायचं तर डिस्प्ले येईल का?

उत्तर : प्रोसेसरमधे ग्राफिक्स असेल तर येईल, केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. इंटेलच्या मॉडेल नंबरच्या शेवटी एफ असेल तर येणार नाही.