रात्री रंग उडालेला फॉक्सफेस

प्रश्न : दादा नमस्कार. आम्ही मानेवाड्याला राहतो, घरी चार फुटी समुद्री टँक आहे, येत्या दिवाळीला 2 वर्षं होतील. दीड महिन्याआधी एक पिवळा फॉक्सफेस मासा आणला. दिवसा एकदम मस्त असतो, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा) तर चिमट्यातून ओढून नेतो. पण परवा रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठले तर काय पाहते, हा कोपऱ्यात दगडाला टेकून तिरपा पडलेला, पिवळा रंग गायब, अंगभर मातकट डाग जशी बुरशीच लागली, पाठीवरचे काटे सगळे ताठ! घाबरून लाइट लावला तर असा दचकला की काचेवरच आपटला. सासूबाई म्हणाल्या, गेला बाई हा आता. सकाळी पाहतो तर पुन्हा पिवळाजर्द आणि जेवायला तयार. तेव्हापासून रोज रात्री हेच होऊन राहिलं. दुकानदार म्हणाला रोग आहे, तांब्याचं निळं औषध टाका. बाटली आणली पण अजून टाकलं नाही, कारण टँकमध्ये क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी) अन् दोन मऊ कोरल म्हणजे प्रवाळ पण आहेत. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे ती बाटली दुकानात परत करून या. तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलं, कारण तांबं टाकलं असतं तर श्रिंप आणि कोरल आधी गेले असते आणि तांबं दगडात, वाळूत मुरून बसलं असतं, मग पुढे कितीतरी दिवस त्या टँकमध्ये श्रिंप सोडायची सोय नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर झोपलेल्या माशासाठी.

हो, तो झोपतो आहे. माशाला पापण्या नसतात म्हणून डोळे उघडे दिसतात आणि आपल्याला वाटतं काहीतरी बिनसलं. फॉक्सफेस हा रॅबिटफिशच्या घराण्यातला, पश्चिम पॅसिफिकच्या प्रवाळांमध्ये राहणारा, शेवाळ खाणारा मासा. दिवसा पिवळाधमक चालतो, पण अंधारात शिकारी फिरत असताना तो रंग म्हणजे जिवावरचं काम, म्हणून झोपताना तो दगडासारखा डागाळ होतो. कातडीतल्या रंगाच्या पेशी पसरतात-आकसतात, काही सेकंदांत रंग बदलतो. घाबरला तरी हेच करतो, दिवसा टँकमध्ये हात घालून बघा, लगेच मळकट होईल. बुरशी किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असा सकाळी पुसून जात नाही हो, मिठाच्या दाण्यासारखे ठिपके उन्हातही तसेच दिसतात.

काटे ताठ होते म्हणता, ते मात्र नीट लक्षात ठेवा. याच्या पाठीवर 13 आणि पोटाच्या मागच्या परावर 7 काटे असतात, पोटाखालचे वेगळे, आणि सगळे विषारी. म्हणून रात्री मेला समजून हाताने उचलायला कोणी जाऊ नका, घरातल्या लेकरांना आजच सांगून ठेवा. काटा लागलाच तर जीवघेणं नसतं पण आग भयंकर होते, हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, उष्णतेनं ते विष निकामी होतं, आणि डॉक्टरांना दाखवून घ्यायचं.

रात्री लाइट एकदम लावू नका. दचकून काचेवर आपटल्यानं जबडा, डोळा जायबंदी होतो, खरी इजा तिथेच होते. पहायचंच असेल तर टॉर्चवर पतंगीचा लाल ताव बांधा, लाल उजेडानं मासे कमी बिचकतात.

आता एका गोष्टीची मला काळजी वाटते, ती आपल्या नागपूरच्या मे महिन्याची. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा आणखी कमी, आणि रात्री लाइट बंद झाला की शेवाळ-कोरल ऑक्सिजन बनवायचं थांबवून उलट स्वतःच वापरतात. म्हणजे पहाटे 4-5 ला टँकची हालत सगळ्यात वाईट. त्यात लाइन गेली तर संपलंच. वेव्हमेकरचं, म्हणजे पाण्यात लाटा करणाऱ्या पंपाचं, तोंड थोडं वर करा, पृष्ठभाग सतत हलता पाहिजे, आणि बॅटरीवर चालणारा एक एअरपंप घरात असू द्या, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधी घ्या. पंखा लावून पाणी 2-3 डिग्री उतरतं, पण मग पाणी भराभर उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची, खारं पाणी ओतायचं नाही. ही चूक आपल्याकडे उन्हाळ्यात फार जण करतात.

शंका आली तर कल्ले मोजा. दिवसा शांत असताना मिनिटाला किती वेळा उघडतात ते लिहून ठेवा, मग रात्री मोजा. झोपलेल्या माशाचे कमी भरायला पाहिजेत. जास्त भरले, किंवा मासा वर येऊन तोंड उघडू लागला, तर ती झोप नाही, लगेच हवा वाढवा. आणि सकाळी लाइट लागून तासभर झाला तरी डाग गेले नाहीत, नोरीला तोंड लावलं नाही, तर रात्रीचा अन् दिवसाचा असे दोन्ही फोटो, पाण्याचं तापमान आणि खारटपणाचा आकडा मला कळवा, मग औषधाचं बोलू, तेही वेगळ्या टँकमध्ये.