बॉटचं नाव आधी काढा

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं गिरगावात घरगुती उकडीचे मोदक नि पुरणपोळीचं काम आहे, मी आणि सासूबाई मिळून बघतो. ऑर्डरी वाढल्या म्हणून मुलाने व्हॉट्सॲपवर चॅटबॉट लावून दिला, नाव ठेवलं 'प्रिया'. मागच्या अंगारकीला तिने डोंबिवलीच्या एका काकूंना 'हो, संध्याकाळी ६ पर्यंत २१ मोदक मिळतील' असं सांगून पैसेपण घेतले, आणि आम्ही दादरच्या पुढे पाठवतच नाही! चंद्रोदय झाला तरी काकू उपाशी वाट बघत होत्या. बॉट बंदच करू का?

उत्तर : वहिनी, बंद नका करू, पण 'प्रिया' नाव आजच काढा. नाव वाचून लोकांना वाटतं गिरगावात कोणी मुलगी बसलीय, मग ते तिच्याशी माणसासारखं बोलतात, 'जरा लवकर जमेल का गं' विचारतात, आणि तेच उत्तर परत आलं की उद्धट समजतात. हे आजचं नाही, १९६६ साली अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला, तो नुसती समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा, तरी लोक त्याला मनातलं सांगायला लागले. म्हणून पहिलाच मेसेज असा ठेवा : 'हा मशीनचा रिप्लाय आहे. भाव, आजचा मेनू, ऑर्डर कुठवर आली हे सांगता येतं आणि नव्या ऑर्डरची नोंद घेता येते, एवढंच. बाकी कशासाठीही 'वहिनी' लिहा, १० ते ७ मध्ये आम्ही स्वतः बोलू.' आणि बोलायला याल तेव्हा आधीचं चॅट वाचून या, नाव-पत्ता परत विचारला की माणूस चिडतोच.

आता मुख्य गोष्ट. बॉटने 'मिळतील' म्हणायचंच नाही. आधी पिनकोड विचारायचा, डोंबिवलीचा ४२१ ने सुरू होतो, तुम्ही पाठवता त्या भागांच्या यादीत नसला तर तिथेच नाही सांगायचं, पैसे घ्यायचे नाहीत. यादीत असला तरी 'नोंद घेतली, वहिनींचा मेसेज आला की पक्की समजा' एवढंच. बॉट चुकला, आम्ही नाही, असं म्हणून सुटका होत नाही हो. एअर कॅनडाच्या बॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला, कंपनी म्हणाली बॉट जे बोलला त्याची जबाबदारी बॉटचीच, आमची नाही, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने ते मानलं नाही आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली.

अंगारकी आणि गणेश चतुर्थीला मात्र बॉटकडून ऑर्डरी घेऊच नका, त्या दिवशी फोन उचलायला कोणीतरी बसवा. आणि काकूंना मेसेज नको, फोन करा, पैसे परत केले नसतील तर आत्ताच करा.